दोष तबकडीचा, शिक्षा संगणकाला

पाच-सात वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला घरचा संगणक आज सुरू केला की पडद्यावर चित्र येते, पण पुढची काही मिनिटे त्याला हात लावता येत नाही. माऊस फिरतो आणि फाइल मात्र उघडत नाही. ‘हँग होतो’ हे या अवस्थेचे आपले नेहमीचे वर्णन. अशा वेळी कोणाला विचारण्याआधी त्या यंत्रालाच विचारून पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणत्या भागावर किती भार पडला आहे ते टक्क्यांत सांगतो. जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या यंत्रात बहुतेक वेळा प्रोसेसरचा आकडा अगदी लहान दिसतो आणि डिस्कचा आकडा शंभरावर चिकटलेला असतो. म्हणजे काम करणारा मोकळा बसला आहे आणि त्याला माहिती आणून देणारा धापा टाकतो आहे. इतका स्पष्ट पुरावा समोर असताना निदान मात्र ‘संगणक जुना झाला, आता नवा घ्या’ असे होते. हे निदान बहुतेक घरांपुरते चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. म्हातारा झालेला असतो तो एक सुटा भाग. तो बदलता येतो, आणि बदलल्यावर तेच यंत्र आणखी काही वर्षे नीट काम करते.

हार्ड डिस्क मंद का, हे तिच्या जन्मापासून पाहिले तर चांगले उमगते. सप्टेंबर १९५६मध्ये आयबीएमने रॅमॅक ३०५ हा संगणक जाहीर केला. त्याच्यासोबत आलेले ३५० क्रमांकाचे डिस्क युनिट ही जगातली पहिली हार्ड डिस्क. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ती घडवली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरांची साठवण. हवी ती नोंद हाती यायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आता २०२०च्या सुमारास आपल्याकडे विकल्या गेलेल्या एखाद्या साध्या लॅपटॉपमधली डिस्क घ्या. क्षमता १ टीबी, म्हणजे त्या पहिल्या युनिटच्या अडीच लाख पटींहून जास्त. फेरे मात्र मिनिटाला ५४००, म्हणजे फक्त साडेचार पट. नोंद सापडण्याचा वेळ ६०० मिलिसेकंदांवरून सतरा-अठरावर आला, म्हणजे तीस-पस्तीस पटींची सुधारणा. साठ-पासष्ट वर्षांत गोदाम लाखो पटींनी वाढले आणि त्यातून वस्तू काढून आणणारा हात मात्र काही पटींनीच चपळ झाला. घरच्या संगणकाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विषमतेत आहे.

ते सतरा-अठरा मिलिसेकंद येतात कुठून? ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. रहाटगाडग्यावरचे हवे ते पोहरे समोर येईपर्यंत जसे थांबावे लागते, तसेच हे थांबणे आहे. चाक कितीही चांगले असले तरी ते टळत नाही. त्याआधी वाचणारे टोक योग्य वर्तुळावर नेऊन स्थिर करायचे, त्यात आणखी बारा-एक मिलिसेकंद. म्हणजे तबकडीवर विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला साठेक तुकडे हाती लागतात. एक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला जेमतेम पाव एमबी. हीच डिस्क एक सलग मोठी फाइल, समजा एखादा चित्रपट, सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने वाचून दाखवते. विक्रीच्या जाहिरातीत हा दुसरा आकडा असतो, घरी रोज वाट्याला येतो तो पहिला. कारण संगणक सुरू होणे, ब्राउझर उघडणे, अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट या सगळ्या कामांत हजारो लहान फाइली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. वीस हजार तुकडे लागले आणि प्रत्येकासाठी टोक हलवावे लागले, तर हिशेब साडेपाच मिनिटांवर जातो. प्रत्यक्षात काही तुकडे शेजारी-शेजारी असतात, कार्यप्रणालीही थोडी हुशारी करते, म्हणून वेळ कमी भरतो. पण वाट पाहायची ती मिनिटे येतात इथूनच.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. विंडोज ७च्या काळात पार्श्वभूमीला चालणारी कामे मोजकी होती. विंडोज १०पासून अपडेट, शोधसूची, क्लाउडशी जुळवणूक, सुरक्षा-तपासणी हे सगळे मागे सतत चालू राहिले, आणि हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या यंत्रांत तोवर एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी साठवण, आलेली होती. त्याच वर्षांत आपल्या बाजारात चार जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० फेऱ्यांची डिस्क असे लॅपटॉप भरपूर विकले गेले. २०२०मध्ये शाळा घरी आली तेव्हा पालकांनी घाईने जी यंत्रे घेतली, त्यांत या जोडीचा वाटा मोठा होता. गिऱ्हाइकाला ‘एक टीबी’ हा आकडा भरघोस वाटे. रॅम अपुरी पडली की कार्यप्रणाली डिस्कचाच एक कोपरा रॅमसारखा वापरू लागते, म्हणजे सगळ्यांत मंद भागावर सगळ्यांत घाईचे काम येते. या यंत्रांतले प्रोसेसर बहुधा इंटेलच्या आठव्या किंवा दहाव्या पिढीचे आहेत आणि विंडोज ११च्या पात्रतेत बसतात. कागदोपत्री यंत्र पात्र आणि वापरायला असह्य, अशी ही स्थिती आहे. विंडोज ११च्या किमान अटींत ६४ जीबी साठवण लिहिली आहे. ती कोणत्या प्रकारची असावी, याची अट तिथे नाही. ती असती तर पुष्कळ ग्राहकांचे पैसे वाचले असते.

फिरणाऱ्या भागाला पर्याय शोधला तो जपानमध्ये. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथल्या परिषदेत फ्लॅश मेमरीचा पहिला निबंध मांडला आणि १९८७मध्ये नँड प्रकारची रचना. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे. वीज गेली तरी ते तिथेच राहतात आणि किती कोंडले आहेत त्यावरून माहिती वाचता येते. यात काहीही फिरत नाही, त्यामुळे जवळचा कप्पा आणि लांबचा कप्पा असा भेदही उरत नाही. १९८८मध्ये एली हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांनी सनडिस्क ही कंपनी काढली, जी पुढे सॅनडिस्क झाली. मेहरोत्रा मूळचे कानपूरचे. या कंपनीने १९९१मध्ये आयबीएमसाठी २० एमबीची एसएसडी बनवली आणि तिची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती. आज तेवढ्या जागेत मोबाइलवर काढलेली चार-पाच छायाचित्रे मावतील. मेहरोत्रा २०१७पासून मायक्रॉन या मेमरी-कंपनीचे प्रमुख आहेत, आणि मेमरी चिपांची जुळणी व तपासणी करणारा मायक्रॉनचा प्रकल्प २०२३मध्ये गुजरातेत साणंदसाठी जाहीर झाला. चिप ज्या वेफरवर घडते ते वेफर मात्र बाहेरूनच यायचे आहेत.

घरच्या यंत्रात एसएसडी टाकली की नेमके काय बदलते? विखुरलेला तुकडा हाती यायला सतराऐवजी साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. सेकंदाला साठ तुकड्यांच्या जागी दहा-बारा हजार. हा फरक शंभर-दोनशे पटींचा आहे, आणि संगणकाचा दुसरा कोणताही सुटा भाग बदलून इतका फरक पडत नाही. इथेच दुकानात एक दिशाभूल होते, आणि तिच्याबद्दल मला विस्ताराने बोलायचे आहे. एसएसडी दोन मुख्य तऱ्हांच्या मिळतात. जुन्या डिस्कच्याच जागी साटा जोडणीवर बसणारी अडीच इंची, जिचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जातो. आणि मदरबोर्डवरच्या एम डॉट टू खाचेत बसणारी एनव्हीएमई, जिच्या खोक्यावर साडेतीन हजार किंवा सात हजार असे आकडे छापलेले असतात. ज्याच्या जुन्या यंत्रात एनव्हीएमईची खाच नाही, त्याला हे आकडे दाखवले की आपले यंत्र खरोखरच कालबाह्य आहे अशी त्याची खात्री पटते. पण हे आकडे पुन्हा सलग वाचनाचे आहेत. एका वेळी एक लहान तुकडा मागण्याच्या कामात चांगली साटा एसएसडी सेकंदाला दहा-बारा हजार तुकडे देते आणि चांगली एनव्हीएमई वीसेक हजार. खोक्यावर सहा-सातपट किंवा बारा-तेरापट दिसणारा फरक घरच्या वापरात फार तर दुपटीवर येतो, आणि आधीच पापणी लवण्याइतका झालेला वेळ आणखी निम्मा झाला तर माणसाच्या ते लक्षातही येत नाही. मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला एनव्हीएमईचा उपयोग आहे. पत्रे लिहिणाऱ्या, सातबारा उतरवून घेणाऱ्या, मुलांचे अभ्यासवर्ग पाहणाऱ्या घराला साटा पुरते. म्हणून २०१२-१३च्या यंत्रातही हा बदल सार्थकी लागतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला नेहमीचा: एसएसडी झिजते. हे खरे आहे. नँडच्या कप्प्यात पुन्हा पुन्हा लिहिले-पुसले की त्याची इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि एका कप्प्यात तीन किंवा चार बिट कोंबण्याच्या पद्धतीने ती आणखी घटते. पण प्रश्न किती, हा आहे. सॅमसंगच्या ८७० इव्हो मालिकेतल्या ५०० जीबीच्या ड्राइव्हवर कंपनी पाच वर्षांची किंवा ३०० टीबी लेखनाची हमी देते, जे आधी होईल ते. रोज २० जीबी लिहिले जातात असे धरू. साध्या घरगुती वापराला हा आकडा सढळ आहे. तरी ३०० टीबी लिहून व्हायला पंधरा हजार दिवस लागतात, म्हणजे एकेचाळीस वर्षे. शिवाय ड्राइव्हमधला नियंत्रक लेखन सगळ्या कप्प्यांवर सारखे पसरवतो, आणि २००९च्या विंडोज ७पासून कार्यप्रणाली पुसलेल्या जागांची खबर ड्राइव्हला देते, त्यामुळे विनाकारण झीज होत नाही. झिजून मरण्याआधी ते यंत्र दुसऱ्या कारणाने निवृत्त होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकणे बरोबर नाही. हार्ड डिस्क मरण्याआधी अनेकदा आवाज करते, अडखळते, काही फाइली वाचू देते. एसएसडी पुष्कळदा सांगून मरत नाही. काल चालत होती, आज दिसतच नाही. २०१९मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्रायझने आपल्या काही एसएसडींबद्दल ग्राहकांना कळवले होते की फर्मवेअर बदलले नाही, तर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि आतली माहितीही जाईल. मोजणीच्या एका चुकीने धडधाकट ड्राइव्ह निकामी होणार होते. पुसलेली फाइल परत मिळवणेही इथे कठीण, कारण झीज टाळण्यासाठी पाठवली जाणारी ती पुसल्याची खबरच जुनी माहिती कायमची घालवते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही शहरातल्या संगणक-बाजारात ‘डेटा रिकव्हरी’च्या पाट्या आहेत, त्यांची बरीचशी विद्या तबकडीच्या काळातली आहे. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘एसएसडी नको’ हा नाही. डिस्क कोणतीही असो, एकाच ठिकाणी ठेवलेली माहिती ही जाण्याच्याच वाटेवर असते. आजीचा आवाज, लग्नाची छायाचित्रे, जमिनीच्या कागदांच्या प्रती, एखाद्याने वर्षानुवर्षे टंकलेले हस्तलिखित. या गोष्टी आपल्या घरांत एकुलत्या एका डिस्कवर पडून असतात आणि तिने कुरकुर केली की आपण जागे होऊ, अशा भरवशावर आपण राहतो. तो भरवसा तबकडीनेही असंख्य वेळा मोडला आहे. एसएसडी टाकण्याचा दिवस हाच दुसरी प्रत करण्याचा दिवस ठरवावा, इतके मात्र मी आग्रहाने सांगेन.

तिसरा आक्षेप किमतीचा. प्रत्येक जीबीमागे एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा महाग आहे, आणि २०२५च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की किमती चढल्या. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रूशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या संगणकात एसएसडी टाकणाऱ्यांच्या ओळखीचे ते नाव होते. पण जीबीमागचा दर हा हिशेब मुळातच गैरलागू आहे. कार्यप्रणाली आणि रोजचे प्रोग्राम यांना अडीचशे जीबी पुरतात. छायाचित्रे आणि चित्रपट सलग वाचले जातात, तिथे तबकडीचा मंदपणा जाणवतही नाही. डेस्कटॉपमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी राहू शकतात. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये तो काढून त्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत जुनी डिस्क बसवता येते. तुलना लहान एसएसडी आणि नवा लॅपटॉप यांच्यात करायची आहे. मेमरी महागली की नवा लॅपटॉपही महागतो, कारण त्याच्याही पोटात तीच मेमरी असते.

पर्यावरणाच्या बाजूने एक आक्षेप आहे, आणि तो अभ्यासू आहे. स्वामित तन्नू आणि प्रशांत नायर या संशोधकांनी २०२२मध्ये दाखवून दिले की एसएसडी बनवताना दर जीबीमागे सरासरी ०.१६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी जास्त. त्या हिशेबाने ५०० जीबीचा ड्राइव्ह म्हणजे ८० किलो. जुने यंत्र वाचवून पर्यावरण वाचले, असे म्हणण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हवा. मी तो ठेवतो, आणि तरी पारडे दुरुस्तीकडेच झुकते. नव्या लॅपटॉपमध्ये तशीच एसएसडी असते, शिवाय नवा पडदा, नवी बॅटरी, नवा मदरबोर्ड. घरी वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला मोठा भाग तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच होऊन गेलेला असतो. जगात २०२२मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागाने निघालेला २०२४चा अहवाल सांगतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारीही आहे. पण दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातोडी, आच आणि आम्ल वापरून यंत्रे फोडणारे हात अजून तेच आहेत. जे यंत्र मोडीत निघत नाही, ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि लहान क्षमतेचा ड्राइव्ह घेणे हे खिशाच्या आणि हवेच्या, दोन्हींच्या हिताचे आहे.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, मग २०१५-१६च्या यंत्रावर खर्च का करायचा, असेही विचारले जाते. रास्त प्रश्न आहे. जे यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत नाही, त्याच्यावर सुरक्षा-अपडेट नसलेले विंडोज चालवून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे निर्विवाद. पण त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चालते, मराठी टंकलेखनासह चालते, विनामूल्य चालते. ब्राउझर, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रपट एवढ्यावर ज्या घराचे काम भागते त्याला याहून जास्त लागत नाही. टॅली किंवा एखादे खास सरकारी सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र हा मार्ग बंद आहे, हे मान्य करायला हवे. तसेच दोन जीबी रॅम वाढवता येत नसेल, किंवा साठवण बोर्डावरच डकवलेली असेल, जशी अतिस्वस्त लॅपटॉपांत असते, तर तिथे एसएसडीचा उपाय लागू पडत नाही. अशा यंत्रावर पैसे घालावेत असे मी म्हणणार नाही.

बदल करताना अडचणी कुठे येतात, त्यातल्या दोनच सांगतो. आधी मॉडेल क्रमांकावरून खाच कोणती ते पाहावे. एम डॉट टू खाचही साटाची असू शकते आणि तिच्यात एनव्हीएमई चालत नाही, दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करून घ्यायची असेल, तर विंडोजने ती डिस्क कुलूपबंद केलेली आहे का ते तपासून रिकव्हरी कीची अठ्ठेचाळीस अंकी ओळ आधी लिहून घ्यावी. अनेकांना आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच ठाऊक नसते, आणि ते दुकानात कळते तेव्हा उशीर झालेला असतो. वर्षानुवर्षांचा गाळ साचलेल्या यंत्रात मात्र प्रत करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकणे चांगले.

काढलेल्या जुन्या डिस्कचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी राहतो, आणि त्याचे उत्तर वरच्या दुसऱ्या आक्षेपाशी जोडलेले आहे. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडी आपले लेखनाचे आयुष्य संपवल्यानंतर विजेविना, ३० अंश तापमानात, निदान एक वर्ष माहिती धरून ठेवील इतकीच अपेक्षा असते. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ धरते, पण उष्णता वाढली की हा काळ घटतो, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद कपाटातले तापमान ३० अंशांच्या कितीतरी वर असते. तबकडीवरची चुंबकीय नोंद विजेविना टिकण्याच्या बाबतीत अधिक भरवशाची. म्हणून धडधाकट असलेली जुनी हार्ड डिस्क दुकानदाराला देऊन टाकू नये. तिच्यावर घराची सगळी खासगी माहिती आहे, हे तर आहेच. यूएसबीने जोडता येणाऱ्या साध्या डबीत ती बसवावी, महिन्यातून एकदा जोडून छायाचित्रे आणि कागद तिच्यावर उतरवावेत, आणि काम झाले की काढून ठेवावी. सलग मोठ्या फाइली सावकाश लिहिणे हे काम तिला आजही उत्तम जमते.